पोकळ आणि भरीव : कैलासम् यांच्या विनोदाची बाजू

गेल्या आषाढात के. आर. पुरम येथे एका स्नेह्यांच्या घरी आम्ही काही मराठी मंडळी जमलो होतो. निमित्त गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांचे होते. तरुण मंडळींनी सूचना मांडली की, यंदा नेहमीच्या मराठी नाटुकल्याऐवजी ज्या प्रांताचे आपण अन्न खातो तेथील एखाद्या नाटककाराची कृती मराठीत उतरवून सादर करावी. आणि त्यांनी टी. पी. कैलासम् यांच्या ‘टोळ्ळुगट्टी’ या नाटकाचे नाव घेतले. सूचना बहुतेकांना आवडली. तेवढ्यात आमच्यातील सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते म्हणाले, “गणपतीपुढे या माणसाचे नाटक? ज्याने धर्माची टवाळी केली, भाषा बाटविली आणि स्वतःचे आयुष्यही उधळून टाकले, त्याचे?”

अण्णा चाळीस वर्षे या शहरात राहिले आहेत. कन्नड त्यांना उत्तम वाचता येते, आणि ते रागाने बोलले असले तरी अज्ञानाने बोलले नव्हते. त्यांनी जे तीन आक्षेप एका दमात उच्चारले, तेच तीन आक्षेप या नाटककारावर कन्नड वाचकांपैकीही कित्येकांनी त्याच्या हयातीत आणि त्यानंतर घेतले आहेत. त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. विनोदी लेखकाची बाजू मांडताना मनुष्य बहुधा “अहो, गंमत आहे ती, एवढे मनावर काय घेता?” असे म्हणून सुटका करून घेतो. परंतु हा बचाव नव्हे. ही त्या लेखकाची अवहेलनाच आहे. कैलासम् यांनी जे लिहिले ते मनावर घ्यावे यासाठीच लिहिले. म्हणून तिन्ही आक्षेप जसेच्या तसे स्वीकारून त्यांची छाननी करणे हेच योग्य.

प्रथम थोडी जीवनकथा सांगितली पाहिजे. त्यागराज परमशिव कैलासम् यांचा जन्म 1884 साली म्हैसूर येथे एका तमिळ ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील टी. परमशिव अय्यर हे म्हैसूर संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश होते. चुलते सर टी. सदाशिव अय्यर मद्रासच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि समाजसुधारणेचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ख्याती होती. वडिलांची बुद्धीही चाकोरीतली नव्हती. 1911 साली त्यांनी ऋग्वेदातील ऋचांचा अर्थ भूगर्भशास्त्राच्या आधारे लावणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि 1940 साली रामायणातील लंका कोठे असावी या प्रश्नावर रूढ समजुतीला धक्का देणारे पुस्तक लिहिले. अशा घरात वाढलेल्या मुलाला पूज्य ग्रंथांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान करणे असे कधी वाटले नसेल, तर त्यात नवल नाही.

मुलाचे शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे लंडन येथे झाले, विषय भूगर्भशास्त्र. लंडनमध्ये भूस्तरांच्या अभ्यासाबरोबरच तेथील नाट्यगृहांचा अभ्यासही त्यांनी मनापासून केला. 1915 च्या सुमारास ते परतले आणि सरकारी नोकरीत भूगर्भतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. आमच्या के. आर. पुरमवरून जो लोहमार्ग पूर्वेस जातो, त्यावर पुढे बंगारपेट लागते आणि तेथून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे फाटा फुटतो. त्या खाणी 2001 साली बंद पडल्या. परंतु त्या काळी म्हैसूर राज्यात भूगर्भशास्त्र शिकून आलेल्या तरुणापुढे खरोखरच सोन्याचा रस्ता उघडा होता. कैलासम् यांनी तो सोडला. नोकरीचा त्याग करून ते नाटकांच्या नादी लागले, आणि 1946 साली बेंगळूरुत त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्यापाशी धन म्हणावे असे काहीही नव्हते.

आता पहिला आक्षेप, धर्माच्या टवाळीचा.

कैलासम् यांच्या प्रहसनांतील पात्रे बहुतेक जुन्या म्हैसूर राज्यातील मध्यमवर्गीय ब्राह्मण घरांतील आहेत. वकील, कारकून, परीक्षार्थी मुलगे, वरपिते, वधूपिते, सोवळ्याओवळ्याचा बाऊ करणारी वडीलधारी माणसे अशी ती मांदियाळी आहे. लेखक स्वतः त्याच घरातला. परक्याच्या घरावर दगड टाकणे सोपे असते; यांनी आपल्याच घराच्या पडवीत उभे राहून आरसा धरला. आणि त्या आरशात दिसले काय? ‘ताळी कट्टोक्कूलिने’ या नाटकाचे नावच पाहा. ताळी म्हणजे आपले मंगळसूत्र. ते बांधायला मजुरी घेता काय, असा तो सवाल आहे. हुंडा या विषयावर लांबलचक व्याख्याने झाली आहेत. पण वराला रोजंदारीवरच्या मजुराच्या रांगेत बसविणारा एवढा छोटा आणि एवढा नेमका युक्तिवाद क्वचितच कोणी केला असेल. यात टवाळी आहे, हे खरे. पण कोणाची? विवाहसंस्काराची, की संस्काराचा भाव ठरविणाऱ्याची? ज्याला मंगळसूत्र पवित्र वाटते त्यालाच त्याची किंमत लावलेली पाहून संताप येतो. ज्याला ते पवित्र वाटतच नाही, त्याला यात हसण्यासारखे किंवा रडण्यासारखे काय सापडणार?

‘बहिष्कार’ हे नाटक तर या आक्षेपाचे सरळ उत्तरच आहे. मुलगी उपवर होऊनही तिचे लग्न झाले नाही, एवढ्या अपराधासाठी एका सज्जन गृहस्थाला जातीबाहेर टाकले जाते. येथे प्रहसनकाराने आपले हसू आवरते घेतले आहे. नाटकाचा शेवट शोकात होतो. ज्याला केवळ टवाळीच करायची असते त्याला इतके योग्य लक्ष्य सापडल्यावर असे गंभीर होता येत नाही.

हा विषय लेखकाने कल्पनेतून काढलेला नव्हता. म्हैसूर संस्थानने 1894 साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. त्यात आठ वर्षांखालील मुलीचे लग्न आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी केलेले लग्न हे गुन्हे ठरविले होते. असा कायदा करावा लागला, यातच समाजाची स्थिती स्पष्ट होते. महाराष्ट्रातही काळ निराळा नव्हता. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून केवढे ग्रामण्य उठले, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग कसा आला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. 1899 साली देवलांची ‘शारदा’ रंगभूमीवर आली. 1902 साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख ‘विविधज्ञानविस्तारा’त प्रसिद्ध झाला आणि पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ सिद्ध झाले. कोल्हटकरांनाही धर्माची थट्टा करणारे म्हणून बोल लावणारे होतेच. आज आपण त्या लेखांकडे मराठी विनोदाचे मूळपीठ म्हणून आदराने पाहतो. मग आपल्या घरच्या सुदाम्याच्या पोह्यांना प्रसाद म्हणावे आणि शेजाऱ्याच्या घरचे तेच पोहे उष्टे ठरवावे, हा कोणता न्याय?

शिवाय प्रहसन ही काही विलायतेहून आलेली वस्तू नव्हे. सातव्या शतकात कांचीच्या महेंद्रवर्मा या पल्लव राजाने ‘मत्तविलास’ लिहिले. त्यात मद्यधुंद कापालिकाची आणि लोभी भिक्षूची जी फजिती केली आहे ती आजही वाचणाऱ्याला हसविते. आणि हाच राजा देवांसाठी दगडात लेणी कोरविणारा म्हणूनही प्रसिद्ध आहे. तंजावरचे मराठे राजे शहाजी हे तर आपल्याच वंशपरंपरेतले. सतराव्या आणि अठराव्या शतकांच्या संधिकाळातील या राजाने तेलुगू भाषेत ‘सतीदानशूर’ नावाचे यक्षगान लिहिले. त्यात एक ब्राह्मण अस्पृश्य मानलेल्या जातीतील स्त्रीवर मोहित होतो आणि सगळे शास्त्र विसरतो. दक्षिणेत येऊन, दक्षिणेची भाषा आपलीशी करून, धर्माच्या नावाखाली चाललेल्या ढोंगाची थट्टा करणारा हा मराठी राजा धर्मभ्रष्ट होता, असे म्हणण्याचे धाडस अण्णाही करणार नाहीत.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण कैलासम् यांच्या श्रद्धेविषयी बोलताना ती नेहमी विसरली जाते. या लेखकाने कन्नडमध्ये आपल्या काळातील माणसांना हसविले; परंतु इंग्रजीत लिहिताना तो थेट रामायण-महाभारताकडे वळला. भरतावर, एकलव्यावर, कर्णावर त्याने नाटके लिहिली. एकलव्यावर तर दोनदा लिहिले. त्यांतील भाषा भारदस्त आहे, भाव उदात्त आहे, आणि विनोदाचा मागमूसही नाही. पण विषयांची निवड पाहा. अंगठा कापून देणारा निषाद, जन्मभर कुळाचा प्रश्न ऐकणारा सूतपुत्र, न मागितलेल्या राज्याचे ओझे खांद्यावर आलेला भाऊ. जो परंपरेचा द्वेष करतो तो परंपरेतील सर्वांत दुखावलेल्या माणसांपाशी असा जाऊन बसत नाही. कैलासम् यांची श्रद्धा होती; मात्र ती पीठावर बसलेल्यांवर नव्हती, उंबऱ्याबाहेर उभे राहिलेल्यांवर होती. ही श्रद्धा अण्णांना पटो अगर न पटो. तिला श्रद्धाहीनता म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. कैलासम् यांची पात्रे कन्नड बोलता बोलता इंग्रजीत शिरतात, इंग्रजी शब्दांना कन्नड प्रत्यय लावतात, उच्चार पिळतात आणि शब्दांच्या कोट्या करतात. ग्रंथांतील शुद्ध कन्नड ज्यांना प्रिय होती त्यांना ही भाषा म्हणजे तुळशीवृंदावनात कोणी बूट घालून आल्यासारखे वाटले. एकीकडे तमिळ घराण्यात जन्मलेला, दुसरीकडे इंग्रजीत गुंतलेला. याला कन्नडचे काय सोयरसुतक, असेही म्हटले गेले. पण 1945 साली मद्रास येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच माणसाला मिळाले. शास्त्राने नाक मुरडले तरी भाषेने त्याला घरात घेतले होते.

आम्हांला या आक्षेपाचा विचार अधिक जवळून करावा लागतो, कारण तो आमच्यावरही येतो. बेंगळूरुचा मराठीशी संबंध 1638 साली शहाजीराजांना या भागाची जहागीर मिळाली तेव्हापासूनचा आहे. तेव्हापासून येथे राहिलेल्या मराठी घरांतील बोली आणि आमच्यासारख्या अलीकडे आलेल्यांची बोली, दोन्हींत कन्नड शब्द बेमालूम मिसळले आहेत. त्यांत आता इंग्रजीची भर पडली आहे. सुटीत पुण्याला गेलेली आमची मुले तोंड उघडताच चुलतभावंडे हसू लागतात, हा अनुभव कोणत्या घरात नाही? त्या हसण्यामुळे मुलांनी मराठी बोलणेच सोडले, अशीही घरे आम्ही पाहिली आहेत. शुद्धतेच्या धाकाने भाषा सुधारत नाही. ती फक्त गप्प होते.

कैलासम् यांनी हे नेमके ओळखले होते. त्यांच्या नाटकांत इंग्रजी शब्द ठिगळाप्रमाणे कोठेही लावलेले नाहीत. पुष्कळदा ते पात्राच्या तोऱ्याचे माप असतात. मनुष्य ऐटीत असला की इंग्रजी फाडतो, आणि पायाखालची वाळू सरकली की मुकाट्याने आईच्या भाषेत येतो. हे भाषा बाटविणे नव्हे. बाटलेल्या भाषेची प्रामाणिक नोंद ठेवणे आहे. आजारी माणसाची नाडी पाहणाऱ्या वैद्यालाच आजाराचे कारण ठरविण्यासारखा हा आक्षेप आहे. उलट असेही म्हणता येईल की, त्या काळच्या बेंगळूरु-म्हैसूरच्या घरांत लोक खरोखर कसे बोलत हे पुढच्या पिढ्यांना कळायचे असेल, तर शुद्ध भाषेतील समकालीन नाटकांपेक्षा ही ‘अशुद्ध’ नाटकेच अधिक उपयोगी पडतील.

आणि शुद्ध म्हणजे तरी काय? शिवकाळात राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. तो प्रयत्न थोर होता. तरीही सरकार, कागद, दरवाजा, हजर हे शब्द मराठीने सोडले नाहीत, आणि त्यामुळे ज्ञानेश्वरांची भाषा बुडालीही नाही. कैलासम् यांच्या एका नाटकाचे नाव आहे ‘बंडवाळविल्लद बडायि’. मराठी वाचकाने हे नाव मोठ्याने म्हणून पाहावे. भांडवल नसलेली बढाई! दोन्ही मुख्य शब्द आपल्या ओळखीचे निघाले. हे शब्द कोणी कोणाकडून घेतले याचा निवाडा भाषापंडितांनी करावा. शेजारधर्माने राहणाऱ्या भाषा विरजणासाठी एकमेकींच्या घरी जातात, आणि कोणाचेही दही त्यामुळे बाटत नाही, एवढे आम्हांला पुरे.

तिसरा आक्षेप वैयक्तिक आयुष्याचा आहे. येथे आम्ही अण्णांशी वाद घालणार नाही. कैलासम् यांचे राहणे बेशिस्त होते. पोशाखाची शुद्ध नव्हती, व्यसने होती, संसाराकडे लक्ष नव्हते. वडिलांच्या प्रशस्त बंगल्यापेक्षा त्यांना आपली पसाऱ्याने भरलेली खोली अधिक प्रिय होती. लिहिण्याचा कंटाळा इतका की नाटके ते तोंडाने सांगत आणि मित्र ती उतरवून घेत. ती मित्रमंडळी नसती तर यांतील किती नाटके हवेतच विरली असती कोणास ठाऊक. अशा माणसाच्या घरच्यांनी काय सोसले असेल, याची कल्पना करताना आमचेही मन जड होते. प्रतिभेच्या नावावर ती बाकी वजा करता येत नाही, आणि करूही नये.

साहित्यिक उणिवाही सांगितल्या पाहिजेत. विनोदाच्या ओघात ते कधी कधी एखाद्या कोटीसाठी प्रसंग थांबवून धरतात. त्यांचे जग एका वर्गाच्या चार भिंतींबाहेर फारसे जात नाही. शिकलेल्या पत्नीची आणि तिच्या ताब्यातल्या नवऱ्याची थट्टा करताना त्यांनी जुन्याच हशाचा आधार घेतला आहे. ते हसू आज फिके वाटते. मात्र याच लेखकाने, जिचे नावही सभ्य घरात उच्चारीत नसत अशा वेश्येला एका नाटकाचा विषय केले आणि तिच्याकडे माणूस म्हणून पाहिले, हेही त्याच तागडीत घातले पाहिजे.

तरीही माणसाचे दोष आणि त्याच्या लेखनातील सत्य यांचा हिशोब वेगवेगळ्या वह्यांत ठेवावा लागतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने मद्यपानाचा जो अनर्थ दाखविला, तो खरा की खोटा हे आपण गडकऱ्यांच्या दिनचर्येवरून ठरवीत नाही. हुंडा घेणाऱ्याने कैलासम् यांच्या व्यसनांकडे बोट दाखविले, म्हणून हुंडा निर्दोष ठरत नाही.

एवढे सविस्तर लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. लेखकाच्या मतांवर टीका करण्याचा अधिकार अण्णांना आहे, आम्हांला आहे, सर्वांना आहे. अण्णांनी तो भर बैठकीत, तोंडावर बोलून बजावला, आणि उत्तर ऐकून घ्यायलाही ते बसून राहिले. ही सभ्यता क्षुल्लक नव्हे. 2013 साली पुण्यात नरेंद्र दाभोलकर, 2015 साली कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडात एम. एम. कलबुर्गी, आणि 2017 साली आमच्या या बेंगळूरुत गौरी लंकेश, यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. यांपैकी कोणाचीही सर्व मते आपल्याला मान्य असण्याची गरज नाही. पण ज्या दोन प्रांतांनी अभंगांचा आणि वचनांचा वारसा मिरवावा, त्या प्रांतांत न पटणाऱ्या शब्दाचे उत्तर शब्दाने देण्याची रीत किती जपून ठेवण्यासारखी आहे, हे त्या चार नावांमुळे कळते. कैलासम् यांच्यावर त्यांच्या काळात टीका झाली, थट्टा झाली, नाकेही मुरडली गेली. पण ते आपल्या पसाऱ्याच्या खोलीत बसून पुढचे नाटक सांगू शकले. तो काळ रूढींच्या बाबतीत आपल्यापेक्षा मागासलेला होता. या एका बाबतीत तरी त्याच्याकडून शिकावे असे वाटते.

शेवटी पुन्हा त्या नाटकाकडे, ज्यावरून हा वाद निघाला. ‘टोळ्ळुगट्टी’ हे 1918 सालचे नाटक. टोळ्ळु म्हणजे पोकळ, गट्टी म्हणजे भरीव. एका घरात दोन भाऊ आहेत. एक पुस्तकांत बुडालेला, परीक्षांत पहिला येणारा, आईबापांचा अभिमान. दुसरा नापास होणारा, पण घरातील आजाऱ्याची सेवा करणारा. घराला आग लागते तेव्हा पहिल्याला आपला जीव आणि आपली पुस्तके सुचतात; दुसरा माणसांना वाचवितो. कथा एवढीच. कैलासम् यांचे सारे लेखन या एका कसोटीवर उभे आहे. धर्म असो, विद्या असो, भाषेची शुद्धता असो, नवी सुधारणा असो. आग लागते तेव्हा त्यातून माणूस वाचतो की नाही, एवढेच ते विचारीत राहिले. जे पोकळ होते ते वाजले, म्हणून लोक हसले. भरीव होते त्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे अण्णांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाषेबद्दलचे तुमचे म्हणणे मला अजून पटत नाही.” आणि थोड्या वेळाने : “भाषांतर कोण करतो आहे? मला एकदा दाखवा. कन्नडचा अर्थ कुठे चुकायला नको.”

नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. अण्णा रोज येतात, मुलांचे मराठी उच्चार सुधारतात, आणि आगीचा प्रसंग आला की चष्मा पुसतात.